मदत करताना येशूचं नाव घ्यावं की न घ्यावं? मनापासून विचारतेय

मिरजवाली

सगळ्यांना सलाम. बरेच दिवस लिहू का नको चाललं होतं, आज नाईट संपवून आले आणि झोप येईना म्हणून लिहायलाच बसले. लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

मी मिरजेची. आजोबा मिशन हॉस्पिटलात कामाला लागले तेव्हापासून आमचं घर इथं, म्हणजे ख्रिस्ती म्हणून माझी तिसरी पिढी. मी स्टाफ नर्स आहे, दुसऱ्या ठिकाणी.

२०१९ चा महापूर सांगलीकरांना सांगायला नको. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि त्या ऑगस्टात पाणी ५७ च्या वर गेलं होतं. आमच्या मंडळीनंही, म्हणजे चर्चनंही, किट केले, मी स्वतः रात्री बसून पिशव्या भरल्यात, पोहे, तूरडाळ, चहा-साखर, मेणबत्त्या, काडेपेटी, पॅड, बिस्किटं. एका शाळेत कॅम्प होता तिथं वाटायला गेलो. वाटायच्या आधी आमच्यातल्या एका भावानं प्रत्येक पिशवीत सगळ्यात वर येशूबद्दलची एकेक छापील पत्रिका ठेवली. मला दिसलं, मी गप्प बसले, हे आधीच सांगून टाकते.

सांगलीवाडीची एक काकू होती, दोन नातवंडं घेऊन वर्गातल्या बाकावर बसलेली, साडीचा काठ चिखलानं कडक झालेला. तिनं पिशवी घेतली, पत्रिका काढली, डोळ्यांजवळ नेऊन वरचं मोठं अक्षर वाचलं, चार घड्या घातल्या आणि माझ्या हातात ठेवली. मग पिशवी उचलून माझ्या पायाशी ठेवली. "एवढ्यासाठी होय बाई," एवढंच म्हणाली. रागानं नाही. राग असता तर मला सोपं गेलं असतं. नातू पिशवीतनं डोकावणाऱ्या बिस्किटाच्या पुड्याकडं बघत होता.

ही एक बाजू. आता दुसरी. गेल्या महिन्यात वॉर्डात एक आजोबा होते, पॅरालिसिस, घरचं कुणी थांबायला नाही. रोज कुशीवर वळवणं, पाठीला पावडर, भरवणं, सगळं माझ्याकडं. मी त्यांना वळवताना मनात प्रार्थना करायचे, आईनं लावलेली सवय. डिस्चार्जच्या दिवशी ते अडखळत म्हणाले, सिस्टर, पोटच्या पोरांनी केलं नाही, तुम्ही का एवढं करता? आणि मी म्हटलं, ड्युटी आहे आजोबा.

ते खोटं होतं. ड्युटीत तेवढं बसत नाही. मी ज्याच्यासाठी करत होते त्याचं नाव घ्यायला मला लाज वाटली का भीती वाटली, अजून कळलेलं नाही.

आणि परवाच्या रविवारी उपासनेनंतर एक कागद फिरवला, या वर्षी तुम्ही किती जणांना सुवार्ता (येशूचा संदेश) सांगितली, नाव आणि आकडा लिहा. मी पेन पुढं दिलं. तेव्हापासून डोक्यात एकच, बोलले तर ती मदत गळाला लावलेलं आमिष होते आणि नाही बोलले तर माझ्याकडची सगळ्यात मोठी गोष्ट मी दडवून ठेवते. निःस्वार्थ नक्की कशाला म्हणायचं? ख्रिस्ती असा नसा, सांगा.

जत_तालुका

ताई, जय ख्रिस्त. मी बावीस वर्षं सुवार्तेच्या कामात आहे, आधी सायकलवर आता मोटरसायकलवर, त्यामुळं थोडं रोखठोक लिहितो, वाईट वाटून घेऊ नका.

आमच्याकडं उन्हाळ्यात टँकर येतो. टँकर वेशीवर आला हे ज्याला आधी कळलं त्यानं गुपचूप आपल्या दोन घागरी भरून घेतल्या आणि वस्तीवर सांगितलंच नाही, तर गाव त्याला काय म्हणेल? मला कधी काळी दारूनं खाल्लं होतं, बायको माहेरी गेलेली, शेत गहाण. प्रभूनं मला त्यातनं काढलं. आता मी म्हणू की कुणाला सांगून त्रास कशाला द्यायचा? बायबलात पौलानं रोमकरांस पत्रात १० व्या अध्यायात विचारलंय की सांगणारा नसेल तर लोक ऐकतील कसे. गप्प बसणं हे नेहमी नम्रपणा नसतो ताई, पुष्कळदा लोक आपल्याला काय म्हणतील ही आपल्याच नावाची काळजी असते. तो पण स्वार्थच. आजोबांना तुम्ही ड्युटी म्हणालात, तिथं तुम्ही कुणाला वाचवलंत, त्यांना का स्वतःला?

मिरजवाली

दादा, वाईट नाही वाटलं, बरोबर जागी लागलं. स्वतःला वाचवलं, खरं आहे.

पण टँकरवाला पाणी देताना वर काही मागत नाही ना. काकूला असं वाटलं की आम्ही मागतोय. आणि ज्याचं घर पाण्याखाली आहे त्याला नाही म्हणायची सोय तरी असते का? तिनं नाही म्हटलं, पण त्यासाठी तिला नातवाची बिस्किटं परत करावी लागली. हेच माझ्या गळ्याखाली उतरत नाही.

कृष्णाकाठ

मी ख्रिस्ती नाही, सांगलीच्या गावभागातला. २०१९ ला आमच्या तळमजल्यावर पाणी होतं, पाच दिवस पहिल्या मजल्यावर अडकलेलो, त्यामुळं घेणाऱ्याच्या बाजूनं लिहितो.

घेणं लै अवघड असतं हो. आयुष्यभर देणाऱ्याच्या जागेवर बसलेला माणूस जेव्हा पाण्याच्या बाटलीसाठी हात पुढं करतो तेव्हा त्याचं लक्ष बाटलीवर नसतं, देणाऱ्याच्या तोंडावर असतं. त्या वेळेला नुसते तुमचे लोक नव्हते, पुढाऱ्यांचे फोटो लावलेली पाकिटं पण आली होती आणि तेव्हा पण असंच वाटलं की माझं संकट कुणाच्या तरी कामाला येतंय.

पण दुसरं पण सांगतो. माझ्या आजीचं मोठं ऑपरेशन मिरजेला मिशन हॉस्पिटलात झालं होतं, बाबा तेव्हा शाळेत होते. ते सुरू करणाऱ्या वानलेस डॉक्टरांचा काळ कधीच सरलेला, पण आमच्या घरात अजून वानलेसचा दवाखाना असंच म्हणतात. आजी सांगायची, सकाळी वॉर्डात नर्सबाया एक गाणं म्हणायच्या आणि दोन मिनिटं प्रार्थना, ज्याला नको त्यानं कूस बदलावी, कुणी काही म्हणायचं नाही. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं याचं तिला फार होतं, म्हणायची आपला हात ज्याच्यापुढं लहान आहे ते त्या माणसाला माहीत होतं. आजी शेवटपर्यंत विठ्ठलाचीच राहिली, पण दळताना ते गाणं गुणगुणायची. तिला कुणी विकत घ्यायला बघितलं असं तिला कधीच वाटलं नाही. मग तुमच्या काकूला का वाटलं? शब्द तर तेच असतील.

मिरजवाली

माझे आजोबा अशाच एका वॉर्डात वॉर्डबॉय होते. तुमच्या आजीला स्ट्रेचरवरनं त्यांनी नेलं असेल का, हा विचार येऊन दोन मिनिटं लिहिताच आलं नाही मला.

सातारारोड

चांगला धागा. वानलेस साहेबांचा विषय निघालाय तर एक भर घालतो. ते १८८९ ला भारतात आले आणि मिरजेचं हॉस्पिटल १८९४ चं. जवळपास चाळीस वर्षं या भागात राहिले, सांगली-मिरज रस्त्यावरच्या वानलेसवाडीला नाव त्यांचंच. कृष्णाकाठ यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला यातच दिसतं. जो माणूस चाळीस वर्षं तुमच्याच गावात राहणार आहे त्याला पहिल्या दिवशी सगळं सांगून टाकायची घाई नसते. लोक त्याला दहा वेळा पारखून घेतात, मग त्याचा शब्द कानाला टोचत नाही. कॅम्पात आपण तासाभरासाठी जातो, म्हणून तासाभरात सगळं उरकायला बघतो.

दुसरं नाव आमच्या साताऱ्याचं. रेव्हरंड ना. वा. टिळक शेवटच्या काळात इथं होते. १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा, आणि १९१७ ला मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात त्यांनी देवाचा दरबार सुरू केला. मी शाळेत शिकवतो, पोरांना त्यांच्या निसर्गकविता शिकवताना हे पण सांगतो, पुष्कळांना माहीतच नसतं. दरबारात बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला असे दोघेही येऊ शकत होते, अट एकच, ख्रिस्तावर प्रेम पाहिजे. त्या काळात हे केवढं धाडस होतं बघा, मिशनच्या रिपोर्टात ज्याची नोंद होणार नाही अशी माणसं ते आपली म्हणत होते! पगार सोडला म्हणजे कुणाला आकडा दाखवायचं बंधनही सुटलं. ताईंच्या त्या कागदाबद्दल वाचताना मला हेच आठवलं.

आणि तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडं आलो असं टिळक म्हणत. पूल पाडून पलीकडं जाता येत नाही हे त्यांना कळलं होतं. आपल्याकडं काही जण सुवार्ता सांगायला जातात आणि सुरुवातच समोरच्याच्या देवाला नावं ठेवण्यापासून करतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि मला त्याचा मनस्ताप होतो.

जत_तालुका

सातारारोड सर, शेवटचं मान्य. मी पण सुरुवातीच्या काळात तसं बोललोय. एका वस्तीवर म्हातारबाबांच्या देव्हाऱ्याबद्दल बोललो, त्यांनी मला पाणी पाजलं आणि म्हणाले आता निघा. पाणी पाजलं आधी, हे विसरता येत नाही.

पण आकड्याबद्दल एक बाजू मांडतो. आकडा नसला की आळस येतो हे पण खरं आहे.

कोर्टातला_माणूस

थोडक्यात कायद्याचं. घटनेच्या कलम २५ मध्ये धर्म मानणं, आचरणं आणि प्रसार करणं हे तिन्ही हक्क आहेत, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्याच्या अधीन राहून. १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टानं रेव्ह. स्टेनिसलॉस खटल्यात सांगितलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं, दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणायचा हक्क त्यात येत नाही. म्हणजे आजोबांना खरं उत्तर द्यायला तुम्हाला काहीच आडवं येत नव्हतं. ड्युटीवर असताना पेशंटला आपण होऊन गाठून बोलणं मात्र टाळा, तिथं तुमच्या हातात त्याचं सलाइन असतं.

पुण्यातला_सांगलीकर

शेवटचं वाक्य लै भारी, तिथं तुमच्या हातात त्याचं सलाइन असतं. माझं पण याच्याशीच निगडित आहे.

मी हिंदू घरातला, २०११ ला बाप्तिस्मा घेतला. सांगलीत शिकायला होतो तेव्हा मला कावीळ झाली, घरी कळवलं नव्हतं कारण परीक्षा होती आणि वडील रागावले असते. रूम पार्टनर ख्रिस्ती, मूळचा कोडोलीकडचा. दोन आठवडे त्यानं माझी ओकारीची बादली धुतली, उसाचा रस आणायचा, मेसवाल्या मावशींना सांगून बिनतेलाचं करून घ्यायचा. रात्री तो पुस्तक उघडून वाचायचा आणि लाइट माझ्या डोळ्यावर नको म्हणून मोबाइलच्या उजेडात वाचायचा. एक शब्द बोलला नाही. चार महिन्यांनी मी स्वतः विचारलं की तू काय वाचतोस रे एवढं. त्यानं मला विचारलं, खरंच ऐकायचंय का उगाच विचारतोयस? मग पहाटेपर्यंत बोललो.

त्यानं कावीळ असताना सांगितलं असतं तर मी हो म्हटलं असतं, नुसता बादलीच्या उपकारापोटी, आणि बरा झाल्यावर सोडून दिलं असतं. आणि विचारल्यावर पण त्यानं सांगितलं नसतं तर, ताई, मी आयुष्यभर त्याच्यावर रागावलो असतो. त्यामुळं आजोबांना ड्युटी म्हटलंत ते मला काकूच्या प्रसंगापेक्षा जास्त लागलं. त्यांनी विचारलं होतं.

आता माझी चूक. नवीन विश्वासात आलेलो, जोश होता, दर सुट्टीला घरी जाऊन वडिलांच्या मागं लागायचो. जेवताना, झोपताना, आजारी काकाच्या उशाशी. वडिलांनी माझ्याशी बोलणं टाकलं, तीन वर्षं. मला वाटायचं मी विश्वासासाठी सोसतोय. मग त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, मी सुट्टी घेऊन गेलो आणि देवाशपथ काही बोललो नाही, नुसतं वॉकर धरून अंगणात फिरवायचो, अंघोळ घालायचो. पंधराव्या दिवशी पाठ चोळताना ते भिंतीकडं तोंड करून म्हणाले, तुझ्या प्रार्थना चालू आहेत ना रे, माझी पण करत जा. बस्स. ते ख्रिस्ती झाले नाहीत, होतील का माहीत नाही, माझी इच्छा आहे. पण आता रविवारी मी घरी असलो की तेच हाक मारतात, उठ, चर्चला उशीर होईल.

विट्याची_आक्का

पोरींनो पोरांनो, मी मोबाइलवर हळूहळू टायपते, चुकलं तर समजून घ्या. मी पाळकाच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूच्या, घरात चाळीस वर्षं काढली.

आमच्या महिला मंडळात प्रत्येकीच्या चुलीपाशी एक डबा असायचा. भाकरीला पीठ घेताना एक मूठ ज्वारी त्या डब्यात. महिन्यानं सगळ्या डबे आणायच्या आणि एका गोणीत ओतायच्या, कुणाचं किती ते कळू नये म्हणून दिवा बारीक करायचा. गोणी कुणाच्या दारात जाते ते फक्त दोघींना माहीत. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका असं प्रभूनं सांगितलंय ना, मत्तयाच्या ६ व्या अध्यायात, ते आम्ही असं पाळलं. ज्यांच्या दारात गेली त्यात ख्रिस्ती होते, मराठा होते, एक मुस्लिम घर होतं. माझं स्वतःचं घर पण होतं एका साली, पगार आला नव्हता तेव्हा. सकाळी दार उघडलं तर उंबऱ्याशी गोणी. अजून मला माहीत नाही कुणी ठेवली, आणि त्या मंडळातली प्रत्येक बाई मला तेव्हापासून सख्खी वाटते.

आणि मिरजवाली, त्याच प्रभूनं दिवा पायलीखाली ठेवू नका असंही सांगितलंय, एकाच डोंगरावर बसून, मधे फार ओळी पण नाहीत. मला वाटतं दान लपवायचं आणि दिवा दाखवायचा, आपण उलटं करतो, दानाचा फोटो काढतो आणि दिवा झाकतो.

मिरजवाली

आक्का, हे वाचून मी आईला वाचून दाखवलं. तिचे डोळे भरले. तिनं पण शेजारच्या एकट्या आजींना अकरा वर्षं डबा दिला, आम्हाला वाटायचं त्या पैसे देतात, नव्हत्या देत.

कृष्णाकाठ

एक सरळ विचारू का ताई? सगळे इतकं छान बोलताय पण मधली गोष्ट कुणी बोलत नाही. मी ख्रिस्ती व्हावं असं तुम्हाला वाटतं का नाही? हो का नाही.

मिरजवाली

दादा, दुपारपासून हे उघडून बसलेय.

हो. वाटतं. ज्यानं मला रात्री-अपरात्री सावरलं तो तुम्हालाही भेटावा असं वाटतं, नाही म्हटलं तर परत ड्युटी म्हटल्यासारखं होईल. पण तुम्ही झाला नाहीत तर तुमच्या घरात पाणी शिरल्यावर माझी पिशवी हलकी होणार नाही. आणि तुम्ही झालात तर तो माझा आकडा नाही. एवढंच मला आज नक्की सांगता येतं.

कृष्णाकाठ

सरळ सांगितलंत, बरं वाटलं. मी आहे तिथं ठीक आहे. पण लपवून गोड बोलणाऱ्यापेक्षा हे शंभर पटीनं बरं.

आणि ऐका, सांगलीवाडीत माझी बहीण दिलीय. त्या काकूंचं वर्णन तिला सांगितलं, दोन नातवंडं, सून नाही, असं. तिला वाटतंय ती कोण ते तिला माहीत आहे. जायचं असेल तर सांगा.

मिरजवाली

(नऊ दिवसांनी)

जाऊन आले. कृष्णाकाठ दादांच्या ताई बरोबर होत्या.

हातात काही नेलं नाही, मुद्दाम. फक्त पर्समध्ये बीपीचं मशीन होतं, ते नेहमीच असतं. काकूला मी आठवत नव्हते. पत्रिका पण आठवेना, म्हणाली त्या दिवसांत कोण कोण काय काय देत होतं बाई. मग मी सगळं सांगितलं, पिशवी, चार घड्या, बिस्किटं. ती ऐकत राहिली, लसूण सोलत होती तो हात थांबला. मग म्हणाली, मग आता कशाला आलीस?

मी म्हटलं, माफी मागायला. आमच्या प्रभूला ते आवडलं नसतं, म्हणून आले.

तुझ्या प्रभूनं पाठवलं होय?

मी म्हटलं होय. या वेळी जीभ अडखळली नाही.

ती बराच वेळ माझ्याकडं बघत होती. मग म्हणाली, बरं, बस. चहा ठेवला. तो नातू आता मिसरूड फुटलेला झालाय, आतनं येऊन चहाचे कप देऊन गेला. तिनं येशूबद्दल पुढं काही विचारलं नाही आणि मी पण बोलले नाही. पोराचं शिक्षण, गुडघे, पुराच्या आधीचं घर कसं होतं, हेच बोललो. निघताना डोकं दुखतंय म्हणाली म्हणून बीपी बघितलं. १८० च्या वर होतं. गोळ्या दोन महिन्यांपासून बंद केलेल्या, डबी रिकामी होती आणि पोराला खर्च नको म्हणून सांगितलं नव्हतं. तसंच रिक्षानं तिला डॉक्टरांकडं नेलं, गोळ्या चालू झाल्यात.

सोमवारी माझा ऑफ आहे, परत बघून येणार. आल्यावर थोडा लसूण सोलून दे म्हणालीय.